गप्प बसायचा हक्क वापरायचा तर आधी तोंड उघडावं लागतं

तुमचा किस्सा थोडक्यात असा. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर येऊन वर्ष झालंय, रात्री साडेदहाला न्यू जर्सीत एडिसनजवळ रूट वनवर टेल लाइट गेलाय म्हणून पोलिसांनी थांबवलं. कागदपत्रं दाखवली. मग ऑफिसरने विचारलं कुठून येताय, काही घेतलंय का, तर तुम्ही सांगून टाकलंत मित्राकडून येतोय, दोन बिअर झाल्या. त्याने खाली उतरवून सरळ रेषेत चालायला लावलं, मग "गाडीत जरा बघितलं तर चालेल ना" म्हणाला, तुम्ही "नो प्रॉब्लेम सर" म्हणत एका फॉर्मवर सही केलीत. सापडलं काहीच नाही, टेल लाइटचं तिकीट देऊन सोडलं. आता ग्रुपवरचे मित्र म्हणतायत की मिरांडा (गप्प राहायचा आणि वकील मागायचा हक्क आहे ही पोलिसांची सूचना) वाचून दाखवलं नाही म्हणजे सगळंच बेकायदा, ठोक केस. आणि तुम्ही विचारताय हे खरं का, फोन मागितला असता तर काय, आणि मुळात आपण सिटिझन नाही तर हे हक्क आपल्याला आहेत का.

मी २२ वर्षं न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियात क्रिमिनल डिफेन्स करते, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तुमचे मित्र चुकताहेत हे मात्र आधीच सांगून टाकते.

शेवटचा प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर सोपं आहे. हो, आहेत. १८८६ सालची यिक वो नावाची केस आहे, सॅन फ्रान्सिस्कोतली. लाकडी इमारतीत लाँड्री चालवायला परवाना हवा असा शहराचा नियम, वरून बघितलं तर साधा आगीचा नियम, पण २०० च्या आसपास चिनी लोकांनी अर्ज केले ते सगळे नाकारले आणि बाकीच्या ८० जणांना, एक सोडून, परवाने दिले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, चौदावी घटनादुरुस्ती "व्यक्ती"बद्दल बोलते, नागरिकाबद्दल नाही. त्यामुळे रस्त्यावर पोलिसाने थांबवल्यावर झडतीबद्दलची चौथी आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याची पाचवी दुरुस्ती तुमच्याही खिशात आहे. फक्त इमिग्रेशन कोर्टात गेलात की चित्र पालटतं, तिथे सरकार तुम्हाला फुकट वकीलसुद्धा देत नाही. ते पुढे येईलच.

आता मिरांडा. टीव्हीने लोकांचं इतकं नुकसान केलंय ना की विचारू नका. लोकांना वाटतं पोलिसाने तोंड उघडलं की पहिलं वाक्य "यू हॅव द राइट टु रिमेन सायलेंट" असायलाच हवं. १९६६ चा मिरांडा निकाल (५ विरुद्ध ४, म्हणजे तोसुद्धा काठावरच) दोन गोष्टी एकत्र असतील तरच लागू होतो: तुम्ही कोठडीत किंवा कोठडीसारख्या अवस्थेत असायला हवं, आणि तुमची चौकशी चालू असायला हवी. रस्त्याकडेला गाडी थांबवणं म्हणजे कोठडी का? यावर १९८४ मध्ये निकाल आला, बर्कमर विरुद्ध मॅकार्टी, आणि तो वाचलात तर तुम्हाला घाम फुटेल. ओहायोतला माणूस, हायवेवर गाडी वेडीवाकडी चालली म्हणून ट्रूपरने थांबवलं, विचारलं काही घेतलंय का, तर हा म्हणाला दोन बिअर, आणि थोड्या वेळापूर्वी गांजा ओढलाय. दोन बिअर! चाळीस वर्षं झाली, लोक अजून दोनच बिअर पितात. कोर्टाने सांगितलं की रस्त्यावर जे बोलला ते चालतं, कारण साधा ट्रॅफिक स्टॉप म्हणजे मिरांडाच्या अर्थाने कोठडी नाही, अटक करून नेल्यावर मिरांडा न वाचता जे वदवून घेतलं ते मात्र चालत नाही.

म्हणजे तुमचं "दोन बिअर" हे वाक्य, केस झाली असती तर, सरळ कोर्टात आलं असतं.

आणि समजा मिरांडा वाचायलाच हवं होतं आणि वाचलं नाही, तरी "सगळं बेकायदा" होत नाही. ते बोलणं सरकारी वकिलाला तुमच्याविरुद्ध मुख्य पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढंच होतं. पोलिसावर नुकसानभरपाईची केस? २०२२ च्या वेगा विरुद्ध टेको निकालाने तो दरवाजा बंद केला, फक्त मिरांडा वाचलं नाही म्हणून पैसे मागता येत नाहीत. ज्याच्या नावावरून हे सगळं, त्या खुद्द मिरांडाचं काय झालं माहितीये? त्याची शिक्षा रद्द झाली, १९६७ मध्ये परत खटला चालला, कबुलीजबाब बाजूला ठेवून दुसऱ्या पुराव्यावर परत दोषी ठरला. नाव मात्र अजरामर.

आता मुद्द्यावर येते, कारण आपल्या लोकांचा घोळ होतो तो इथे. आपल्याला वाटतं हक्क म्हणजे छत्रीसारखा, डोक्यावर धरलेलाच आहे. तसं नाहीये. तो गाडीतल्या सीट बेल्टसारखा आहे, असतो पण लावावा लागतो. आणि लावायचा म्हणजे तोंडाने, स्पष्ट शब्दांत.

२०१० ची बर्गुइस विरुद्ध थॉम्पकिन्स केस घ्या. मिशिगनमध्ये गोळीबाराच्या प्रकरणातला संशयित. त्याला हक्क वाचून दाखवले, त्याने फॉर्मवर सही करायला नकार दिला, आणि जवळजवळ पावणेतीन तास तो गप्प बसला, मध्ये एखादं "हं", "नाही", "माहीत नाही", बस. मग डिटेक्टिव्हने विचारलं, देवाला मानतोस का? हो. प्रार्थना करतोस का? हो. त्या पोरावर गोळी झाडल्याबद्दल देवाने माफ करावं म्हणून प्रार्थना करतोस का? हो. संपलं. तो "हो" खटल्यात गेला आणि सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने तो ठेवला, कारण मी बोलणार नाही असं तो कधी बोललाच नव्हता! न्यायमूर्ती सोतोमायोर यांनी विरोधी निकालपत्रात नेमकं हेच बोट ठेवलंय की गप्प राहायचा हक्क वापरायला आता बोलावं लागणार. पण विरोधी निकालपत्र वाचून अशील सुटत नाही.

त्याच्याही पुढे २०१३ चा सालिनास विरुद्ध टेक्सास. हा माणूस अटकेत नव्हता, स्वतःच्या पायाने पोलिस स्टेशनला आला, बऱ्याच प्रश्नांना उत्तरं दिली, आणि "घटनास्थळी सापडलेली काडतुसं तुझ्या बंदुकीशी जुळतील का" म्हटल्यावर खाली बघून गप्प झाला, ओठ चावले, पाय हलवायला लागला. सरकारी वकिलाने ज्युरीला सांगितलं की बघा, निर्दोष माणूस असा गप्प बसला असता का? आणि ते चाललं, कारण पाचव्या दुरुस्तीचं नाव त्याने काढलं नव्हतं. वकील मागायचं तेच. १९९४ च्या डेव्हिसच्या केसमध्ये नौदलातला खलाशी म्हणाला, "मेबी आय शुड टॉक टु अ लॉयर", कोर्ट म्हणालं हे मागणं नव्हे, मेबी म्हणजे मेबी. आता आपली माणसं बघा. "नाही म्हणजे, वकिलांशी एकदा बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं, नाही का सर?" हे सौजन्य लग्नाच्या बैठकीत ठीक आहे. इथे वाक्य एकच: "आय वॉन्ट अ लॉयर, आय विल नॉट अॅन्सर क्वेश्चन्स." ते बोलायचं आणि मग खरंच बोलणं थांबवायचं, कारण पाच मिनिटांनी तुम्हीच "पण सर ॲक्च्युअली" करून परत सुरू झालात तर सगळं मुसळ केरात.

आता झडती. तुमच्या किश्शातला सगळ्यात महाग शब्द "नो प्रॉब्लेम".

१९७३ चा श्नेकलॉथ विरुद्ध बस्टामोंटे. कॅलिफोर्नियात सनीव्हेलला पहाटे पावणेतीनच्या सुमारास गाडी थांबवली, का तर एक हेडलाइट आणि नंबरप्लेटचा दिवा बंद. म्हणजे तुमचीच कहाणी. सहाजण आत. ऑफिसरने विचारलं बघू का, गाडीमालकाचा भाऊ म्हणाला "शुअर, गो अहेड", वर डिकीही उघडून दिली. मागच्या सीटखाली चोरीचे तीन चेक चुरगाळून ठेवलेले निघाले. सुप्रीम कोर्टाने सांगितलं, संमती स्वेच्छेने दिली असेल तर पुरे, "नाही म्हणायचा हक्क आहे" हे पोलिसाने सांगायलाच पाहिजे असं काही नाही. ५० वर्षांहून जास्त झाली, फेडरल कायदा अजून हाच.

पण, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं, राज्य त्याच्या स्वतःच्या घटनेखाली तुम्हाला जास्त देऊ शकतं, कमी नाही. न्यू जर्सी टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या हायवेवर, काळ्या ड्रायव्हर्सना वेचून थांबवायचे त्याचा नव्वदच्या दशकात इकडे प्रचंड गदारोळ झाला होता, त्या पार्श्वभूमीवर न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये स्टेट विरुद्ध कार्टी निकाल दिला: ट्रॅफिक स्टॉपमध्ये झडतीची परवानगी नुसती मागायलासुद्धा पोलिसाकडे काहीतरी ठोस संशय हवा. शिवाय नकार देता येतो हे माणसाला माहीत होतं हे सरकारने दाखवायचं, हा नियम इकडे १९७५ पासून आहे. तुम्ही सही केलीत तो फॉर्म त्यासाठीच असतो, त्यात लिहिलेलं असतं की तुम्ही नाही म्हणू शकता. वाचलात? नाही ना, कोणीच वाचत नाही.

म्हणजे नुसत्या टेल लाइटवर त्याला गाडी बघू का असं विचारताच आलं नसतं. मग त्याने कशाच्या जोरावर विचारलं? तुमच्या दोन बिअरच्या. गाडीत उघडी बाटली असेल असा संशय आला असं त्याने लिहिलं असतं, मी ते कोर्टात खोडायला गेले असते, कदाचित जिंकले असते कदाचित नसते, पण ते कारण आयतं पुरवलंत तुम्ही.

एक माझ्या ऑफिसातली गोष्ट सांगते, तपशील बदलून. पंचेचाळिशीचे गृहस्थ, आयटीतले, कधी पार्किंगचं तिकीटसुद्धा नाही. गाडी थांबवली, ऑफिसर भराभर बोलतोय आणि हे आपले "हं... हं... हं" करतायत आणि मान हलवतायत, आपण फोनवर मामींचं ऐकताना करतो तसं. त्यातच तो विचारून गेला "यू माइंड इफ आय टेक अ लुक?" आणि हे म्हणाले "हं." रिपोर्टमध्ये आलं: ड्रायव्हरने संमती दिली. फॉर्मही नाही. गाडीत मागे फरसाणाच्या पिशवीत आईसाठी भारतातून आणलेल्या अल्प्राझोलमच्या गोळ्या, वर इकडच्या डॉक्टरचं नाव नाही काही नाही, आणि ते इथे कंट्रोल्ड सबस्टन्स आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय बाळगता येत नाही असं औषध. बॉडी कॅमचं ट्रान्सक्रिप्ट आलं त्यात प्रत्येक "हं"च्या पुढे कंसात लिहिलेलं, होकारार्थी. अठरा वेळा! मी जजसमोर तो व्हिडिओ लावला आणि दाखवलं की ऑफिसर "फार गार पडलंय आज" म्हणाला त्यालाही यांनी "हं" करून तशीच मान हलवलीये, आणि "तुम्हाला माहितीये का मी का थांबवलं" यालाही, जेव्हा यांना काडीची कल्पना नव्हती. जजने तीनदा बघितला. शेवटी म्हणाले की ही स्पष्ट संमती आहे असं मी म्हणू शकत नाही, गोळ्या पुराव्यातून बाहेर. पण त्यात सात महिने गेले, पैसे गेले, आणि त्यांचं ग्रीन कार्ड त्यावेळी अर्ध्यात होतं, त्या माणसाचं वजन उतरलं हो. त्यामुळे कृपा करून पोलिसासमोर "हं" करू नका. आणि "डू यू माइंड"ला "नो" म्हटलं तर ती परवानगीच, हा इंग्रजीचा दुसरा सापळा. पूर्ण वाक्य: "ऑफिसर, आय डोन्ट कन्सेंट टु अ सर्च." आवाज न चढवता. तरीही त्याने झडती घेतली तर आडवं जायचं नाही, हात लावायचा नाही, ती भांडणं माझ्यासाठी ठेवा. त्याच्याकडे गाडीत काही आहे असं मानायला सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय गाडी बघायची मुभा फेडरल कायद्यात १९२५ पासून आहे, त्यामुळे तुमचा नकार झडती थांबवेलच असं नाही. पण नंतर लढायला मला काहीतरी उरतं.

उतर म्हटलं की उतरायचं, ते १९७७ पासून ठरलेलं आहे, त्यावर वाद नको.

थांबवून किती वेळ ठेवता येतं? तिकीट लिहायला लागतो तेवढा. २०१५ चा रॉड्रिगेझ, नेब्रास्का: ऑफिसरने लेखी वॉर्निंग देऊन काम संपवलं, मग म्हणाला कुत्रा गाडीभोवती फिरवू का, हा नाही म्हणाला, तरी दुसरा ऑफिसर येईपर्यंत थांबवलं, कुत्र्याला ड्रग्ज सापडले. जास्तीचा वेळ जेमतेम ७-८ मिनिटं. सुप्रीम कोर्ट म्हणालं तेवढाही नाही चालणार. माझा आवडता निकाल आहे, फक्त लोक पुढचं सांगत नाहीत: केस खाली परत गेली आणि खालच्या अपील कोर्टाने सांगितलं की त्यावेळच्या तिथल्या निकालांप्रमाणे ऑफिसर प्रामाणिकपणे वागला, पुरावा राहू दे. म्हणजे आम्हा सगळ्यांना नियम मिळाला आणि रॉड्रिगेझला त्याची शिक्षा. यातून तुम्हाला उपयोगी एवढंच की तिकीट हातात आलं की विचारा, "ॲम आय फ्री टु गो?" तो हो म्हणाला तर निघा, गप्पा मारत उभं राहू नका. तिथून पुढचं सगळं तुम्ही राजीखुशीने थांबलात असं धरतात.

फोनचं. इथे कायदा आपल्या बाजूने चांगला आहे. २०१४, रायली विरुद्ध कॅलिफोर्निया, नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमताने: अटक केली तरी फोनमध्ये बघायचं तर वॉरंट आणा. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की मंगळावरून कोणी आलं तर त्याला वाटेल फोन हा माणसाच्या शरीराचाच अवयव आहे. तेव्हा "अनलॉक करून दे, पटकन बघतो" म्हटलं तर परत तेच वाक्य, आय डोन्ट कन्सेंट. वॉरंट आणलं आणि पासकोड मागितला तर? इथे गंमत बघा, डेलावेअर नदीच्या या काठाला आणि त्या काठाला वेगळा कायदा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं पासकोड सांगायची सक्ती करता येत नाही, तो मनातला आहे, पाचवी दुरुस्ती. न्यू जर्सीच्या कोर्टाने २०२० मध्ये सांगितलं करता येते. दोन्हीकडे ४ विरुद्ध ३. पूल ओलांडला की हक्क बदलतो. चेहऱ्याने किंवा बोटाने उघडणाऱ्या फोनबद्दल तर कोर्टाकोर्टात मतं वेगळी, मी स्वतः पासकोड ठेवते.

पण रायलीचा आधार घेऊन नेवार्क एअरपोर्टवर वाद घालू नका. सीमेवरचे नियम निराळे आहेत, तिथे कस्टम्सवाले वॉरंटशिवाय फोन चाळतात आणि सुप्रीम कोर्टाने त्यावर अजून निकाल दिलेला नाही. अमेरिकन सिटिझनला ते घरी जाण्यापासून रोखू शकत नाहीत, व्हिसावाल्याला परत पाठवू शकतात. तिथे काय दाखवायचं हा कायद्यापेक्षा धोका किती घ्यायचा याचा प्रश्न आहे.

गप्प बसणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं हेही लिहून ठेवा. "दोन बिअर" सांगायची गरज नव्हती याचा अर्थ "एक थेंबही नाही" सांगायचं असा नाही. फेडरल अधिकाऱ्याशी महत्त्वाच्या मुद्द्यावर जाणूनबुजून खोटं बोलणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि लायसन, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स दाखवायचंच, तिथे पाचवी दुरुस्ती काढायची नाही. अटक झाल्यावर श्वासाची टेस्ट मागितली तर गप्प राहायचा हक्क तिथे चालत नाही, न्यू जर्सीत टेस्टला नकार हाच वेगळा गुन्हा धरतात. रक्त काढायला मात्र तुमची संमती नसेल तर सहसा वॉरंट लागतं, २०१६ चा बर्चफील्ड.

आणि तुमच्या व्हिसामुळे एक जास्तीचं. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, दोषी ठरायच्या कितीतरी आधी, तरी कॉन्सुलेटकडून व्हिसाचा शिक्का रद्द केल्याची ईमेल येऊ शकते. इथलं स्टेटस लगेच जात नाही पण पुण्याला लग्नाला गेलात की परत यायला नवा शिक्का लागेल. गांजा न्यू जर्सीत २०२१ पासून कायदेशीर आहे म्हणून आपली पोरं बिनधास्त असतात, पण इमिग्रेशन फेडरल कायद्याने चालतं आणि तिथे तो अजून बेकायदाच. २०१० ची पडिया विरुद्ध केंटकी केस यावरच. ४० वर्षं ग्रीन कार्डवर राहिलेला, व्हिएतनाम युद्धात लढलेला ट्रक ड्रायव्हर, ट्रकमध्ये गांजा सापडला, वकील म्हणाला इतकी वर्षं झालीत इमिग्रेशनची काळजी नको, गुन्हा कबूल कर. त्याने केला आणि डिपोर्टेशन मागे लागलं. सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं क्रिमिनल वकिलाचं कर्तव्यच आहे. तेव्हा उद्या कधी वेळ आली आणि वकिलाने पहिल्या भेटीत तुमचं स्टेटस विचारलं नाही तर दुसरा वकील बघा.

आता तुमच्यापुरतं. केस ठोकण्यासारखं यात काही नाही, सोडून द्या. टेल लाइट या आठवड्यात बदलून घ्या, पावती आणि चालू दिव्याचा फोटो ठेवा, म्युनिसिपल कोर्टात सरकारी वकिलाला दाखवा, बऱ्याचदा तेवढ्यावर मिटतं. कोणी विचारलं त्या रात्री काय झालं, तर टेल लाइट गेला होता. बिअरचं मलाही आता सांगून झालंय तेवढं पुरे.